पायदळी येऊ नये म्हणून

पिशवी तुमच्या हातात आहे. आठवडाभराचं निर्माल्य तिच्यात दाबून भरलेलं: सुकलेले झेंडू, काळवंडलेली जास्वंद, दूर्वांची जुडी, बेलाची पानं, अर्धवट जळालेल्या फुलवाती. निघताना आई दारापर्यंत आली होती. "गंगेवर सोडून ये. कचऱ्यात टाकू नकोस हं, पायदळी यायला नको." नाशिकच्या जुन्या घरांत गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगाच.

पहाटेचे साडेपाच. रामकुंडावर दशक्रियेची माणसं अजून जमायची आहेत. चहाच्या टपरीवर पहिलं आधण चढलंय. तुम्ही दुतोंड्या मारुतीपाशी येऊन थांबता. पावसाळ्यात गंगेला किती पाणी आलं, हे नाशिककर याच मारुतीवरून सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्याला दोन तोंडं आहेत. मागचंही दिसतं, पुढचंही दिसतं. आज तुम्हालाही तसंच पाहायचं आहे. पिशवी फेकायला उचललेला हात तेवढा खाली घ्या.

सन १७९०च्या सुमारास, श्रावणातला सोमवार

पायाखालचं काँक्रीट गेलं. आता ओला काळा दगड आहे आणि त्यावर शेवाळ. जपून उभे राहा. नदीवर एकही पूल नाही. गंगापूरचं धरण व्हायला दीडशेहून जास्त वर्षं आहेत, त्यामुळे त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेला पाऊस कुठेही न अडता तुमच्यापुढून चाललाय. पाणी तांबडं, गढूळ आणि ओढीचं.

वरच्या अंगाला छिन्नी-हातोड्याचा आवाज येतोय. सरदार रंगराव ओढेकर रामाचं देऊळ बांधताहेत. रामशेजच्या डोंगरातला काळा दगड त्यासाठी इथवर आणला आहे. हेच पुढे काळाराम मंदिर म्हणून ओळखलं जाईल. नारोशंकराच्या देवळातून घंटेचा टोल येतो. वसईच्या विजयानंतर मराठ्यांच्या हाती आलेली ही पोर्तुगीज घंटा. तिचा नाद पलीकडच्या काठापर्यंत पोचतो.

कपालेश्वराच्या पायऱ्यांवरून एक माणूस उतरतोय. या महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येतून सुटण्याची वाट नंदीनं दाखवली म्हणून शंकरानं त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी इथली कथा. त्या माणसाच्या डोक्यावर बांबूची पाटी आहे. पाटीत काय आहे ते वाकून पाहा. बेल, धोतरा, कण्हेर. रुईच्या माळा सुताच्या दोऱ्यात ओवलेल्या. नैवेद्याची पळसाच्या पानांची पत्रावळ, मातीची फुटकी पणती. या पाटीत दोन पावसाळे काढील असं फार तर पणतीचं खापर आहे, आणि तेही मातीच.

घाटाच्या कडेला एक आजी नातवाला पुष्पदंताची गोष्ट सांगते आहे. पुष्पदंत हा गंधर्व. तो रोज अदृश्य होऊन राजाच्या बागेतली फुलं चोरायचा. चोर सापडेना, तेव्हा राजानं वाटेवर शिवाचं निर्माल्य पसरून ठेवलं. पुष्पदंताचा पाय त्यावर पडला आणि त्याची अदृश्य होण्याची शक्ती गेली. मग क्षमा मागण्यासाठी त्यानं शिवमहिम्न स्तोत्र रचलं. नातू आपल्या पायांखाली पाहतो आणि एक पायरी वर सरकतो.

आई म्हणाली ते इथून आलेलं आहे. पायदळी येऊ नये. नियमाचा गाभा एवढाच. जे देवाच्या अंगावर होतं ते माणसाच्या पायाखाली यायला नको. त्याच्या दोन वाटा होत्या: वाहतं पाणी किंवा झाडाचा बुंधा. पाटीवाल्यानं अर्धी पाटी पाण्यात सोडली. उरलेली घेऊन तो वर निघालाय. त्याच्या मागे जा. सीतागुंफेपाशी वडांची दाट सावली आहे. पंचवटीला नाव दिलं ते या पाच वडांनी. बुंध्याशी त्यानं पाटी उपडी केली आणि वर दोन ओंजळी पालापाचोळा लोटला. मोगलांच्या कागदात या गावाचं नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, असं होतं. मळ्यातून फूल आलं, देवाला वाहिलं, झाडाखालच्या मातीत गेलं. फेरा पुरा झाला.

हा फेरा तुटला कुठे, ते पाहायला आता पुढे यायचं.

२ मार्च १९३०

काळारामाचं देऊळ केव्हाच बांधून झालं आहे. दारं बंद आहेत. चारी बाजूंना पोलिसांचा बंदोबस्त आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं शिस्तीनं चालत आली आहेत. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी पुढे आहेत. मागणी एकच आहे, देवळात प्रवेश मिळावा. हा सत्याग्रह काही वर्षं चालेल. दारं त्याच्यासाठी उघडणार नाहीत.

तुम्ही गर्दीत उभे आहात. निर्माल्याच्या शोधात निघालेल्या माणसानं इथे थांबायलाच हवं. गाव झाडायचं, घाण उचलायची, मेलेलं जनावर ओढून न्यायचं, हे काम ज्यांच्या माथी मारलं होतं, त्यांनाच या पायऱ्या बंद होत्या. देवावरचं फूल पायदळी येऊ नये म्हणून जो समाज इतका जपत होता, त्यानं माणसाला मात्र पायदळी ठेवलं होतं. हे विसरून निर्माल्याच्या पावित्र्याबद्दल एक वाक्यही लिहिता येत नाही.

आज घाटावर ओली पिशवी उघडून त्यातून फूल एकीकडे, फोटोची काच दुसरीकडे आणि प्लास्टिक तिसरीकडे कोण करतं, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. आपण आपल्या श्रद्धेची गाठ बांधून देतो आणि ती सोडायचं काम दुसऱ्याच्या हातांवर टाकतो. याच रामकुंडाजवळच्या पुलाला गाडगे महाराजांचं नाव आहे. त्यांनी नाशकात धर्मशाळा बांधली. गावात गेले की ते आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन नंतर व्हायचं. पुलाला नाव देणं सोपं आहे. खराटा उचलणं अजून बाकी आहे.

एकोणीसशे नव्वदचं दशक

हा काळ तुमच्या ओळखीचा आहे. शाळेला जाताना पुलावर स्कूटर थांबलेल्या तुम्ही पाहिल्या आहेत. माणूस स्कूटर बंदही करत नाही. कठड्यावरून पिशवी फेकतो, हात जोडतो आणि निघून जातो. आता तुम्ही पुलाखाली उभे आहात. पिशवी पाण्यावर आपटते, थोडी बुडते, हवेनं फुगून पुन्हा वर येते आणि पायरीच्या कोपऱ्यात अडकते. तिथे आधीच सात-आठ पिशव्या आहेत.

एक उघडून पाहा. फुलं तीच आहेत, बेल तोच आहे, पण दोरा नायलॉनचा झालाय. हाराला जरीची चकचकीत पट्टी आहे. मखराचा थर्माकोल आहे. उदबत्तीचा रिकामा पुडा वरून प्लास्टिकचा आहे. निर्माल्य म्हणून आपण जे देतो, त्यातलं अर्धं देवाला वाहिलेलं नसतंच. ते दुकानातून फुलांसोबत आलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. बालीतल्या हिंदू घरांत रोज सकाळी दारात, देव्हाऱ्यात, दुकानाच्या पायरीवर चनांग सारी ठेवतात. नारळीच्या कोवळ्या पानाची ती लहानशी परडी असते आणि तिच्यात दिशेप्रमाणे रंगांची फुलं मांडतात. पूर्वी तिची पानं बांबूच्या काडीनं टाचायचे. आता पुष्कळ ठिकाणी स्टेपलरची पिन मारतात आणि वर प्लास्टिकच्या कागदातली गोळी ठेवतात. तिकडे पिन आहे, इकडे नायलॉनचा दोरा. दोन्हीकडे देव आणि फूल जुनेच आहेत. त्यांना जोडणारी वस्तू तेवढी नवी आली आणि ती मातीच्या ओळखीची नाही.

फूल एकटं गेलं तरी आजच्या पाण्याला ते झेपत नाही. कारण समजून घ्या. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्यावरच जगतात. फूल कुजवणारे सूक्ष्मजीवही तोच प्राणवायू वापरतात. वाहत्या पुरात मूठभर फुलं पांगून जायची, पाणी खळाळत हवा घेत राहायचं. आता धरणानंतर वर्षातला बराच काळ प्रवाह मंद असतो आणि घाटाच्या कोपऱ्यात एकाच दिवशी पोतीच्या पोती फुलं साचतात. पाणी काळं पडतं, त्याला वास सुटतो. २००३च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या वेळी पात्रातल्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट आलं. ते काढून टाका, जिवंत झरे मोकळे करा, अशी मागणी नाशिककर पुढे वर्षानुवर्षं करत राहिले.

गंगेचं सगळ्यात मोठं दुखणं सांडपाणी आहे, हेही स्पष्ट सांगायला हवं. खालच्या अंगाला पसरणारी पाणवेल त्याच्यावरच पोसली जाते. फुलं बंद केली म्हणजे नदी शुद्ध झाली, असं कुणी सांगितलं तर मानू नका. सांडपाण्याची वाहिनी मात्र तुमच्या हातात नाही. ही पिशवी आहे.

याच नव्वदच्या दशकात नाशिकच्या गल्ल्यांत एक वेगळी घंटा ऐकू येऊ लागली. घरोघरचा कचरा दारात येऊन घेणारी घंटागाडी. इतर शहरांनीही ती पुढे उचलली. गाडीतला कचरा विल्होळीजवळच्या खतप्रकल्पाकडे जाऊ लागला. सोय झाली, पण आईची अडचण सुटली नाही. मासळीच्या काट्यांवर आणि कालच्या भाजीवर देवाची फुलं टाकायला तिचा हात धजत नाही, आणि त्यात तिचं चुकत नाही. तिला वेगळं भांडं हवं होतं. निर्माल्यकलश आले ते याच गरजेतून.

अनंत चतुर्दशी, अलीकडचं कोणतंही वर्ष

दुपारपासून पंचवटीत पाय ठेवायला जागा नाही. ढोल, गुलाल, "पुढच्या वर्षी लवकर या". घाटावर, गोदापार्कच्या बाजूला तरुण मुलं-मुली टेबलं मांडून उभी आहेत. "देव द्या, देवपण घ्या" अशी त्यांची हाक आहे. नाशिकमधल्या विद्यार्थ्यांनी हा उपक्रम उभा केला. मूर्ती आणि निर्माल्य दोन्ही ते हात पुढे करून मागून घेतात. दुसरीकडे महापालिकेचे कृत्रिम हौद आणि कलश आहेत. रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्यही राज्यात ठिकठिकाणी असं निर्माल्य गोळा करून त्याचं खत करतात. पुण्याच्या घाटांवर कचरावेचक महिलांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था विसर्जनाच्या दिवसांत हेच काम करते.

एका कुटुंबाजवळ जाऊन उभे राहा. आजोबा, सून, दोन मुलं. स्वयंसेविका म्हणते, "आजोबा, निर्माल्य इकडे द्या ना." आजोबा पिशवी छातीशी धरतात. "नदीत नाही सोडायचं? मग करणार काय तुम्ही त्याचं?"

"खत करतो आजोबा. झाडांना घालतो."

आजोबा थोडा वेळ गप्प राहतात. मग विचारतात, "पायाखाली नाही ना येणार?"

"नाही येणार."

ते पिशवी देतात. मुलगी ती कलशात भिरकावत नाही. दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते, मग खाली बसून गाठ सोडते. त्या रात्री घाटावर हजारो पिशव्या रिकाम्या होतील, निर्माल्य टनांत मोजावं लागेल. तुम्ही लक्षात ठेवा ते तिचं कपाळाला लावणं. माणसं निर्माल्य द्यायला तयार असतात. त्याचा मान राहील एवढा शब्द त्यांना हवा असतो.

साठ दिवस, ढिगाच्या आत

आता तुम्ही लहान व्हा, झेंडूच्या एका पाकळीएवढे, आणि निर्माल्याच्या खताच्या ढिगात उतरा.

तुमच्या आधी दोन बायकांनी हार उकलले आहेत. कात्री दोऱ्याखाली घालायची, एका झटक्यात कापायचा आणि फुलं सरसर ओढून घ्यायची. एका हाराला काही सेकंद लागतात. पण पोतंभर हार असले की सकाळ जाते आणि बोटांना पिवळा रंग चढतो. नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या बाजूला काढल्या आहेत, त्यांना कुजायला फार वेळ लागतो. प्रसादाचं गोडधोड वेगळं, नाहीतर उंदीर येतात. कुंकवाच्या पुड्या, कापूर, तेलानं माखलेल्या वाती, फोटो, धातूचे तुकडे, सगळं वेगळं. ओल्या फुलांचा एक थर, त्यावर सुक्या पाचोळ्याचा थर, वर शेणकाल्याचा हात. फुलांत नत्र असतं, पाचोळ्यात कर्ब. नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब असला की ढीग बरोबर चालतो. नुसती फुलं रचली तर त्यांचा लगदा होतो आणि आंबूस घाण सुटते.

तिसऱ्या दिवशी तुम्हाला घाम फुटतो. ढीग आतून तापलाय. ५५, ६० अंश. याच उष्णतेत रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. पहाटे कुणी फावड्यानं ढीग उलटला की आतून वाफ निघते आणि तुमच्यापर्यंत ताजी हवा येते. पाण्यात हाच प्राणवायू अपुरा पडला होता. इथे हवा खेळती आहे, म्हणून फूल कुणाचा श्वास न अडवता कुजतं. कामवाल्या बाई मूठभर माल उचलून दाबून पाहतात. हाताला ओल लागली पाहिजे, थेंब गळता कामा नये. त्यांचं मोजमाप तेवढंच, आणि ते चुकत नाही.

पंधराव्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या ओळखू येत नाहीत. गुलाबाचे देठ आहेत, बेल तर बराचसा तसाच आहे. बेलाचं पान चिवट, ते मागे राहणारच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ढीग निवतो आणि पांढुरकी, राखेसारखी जाळी दिसू लागते. ती बुरशी आहे म्हणून घाबरू नका. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो ज्या सूक्ष्मजीवांमुळे येतो, त्यांच्याच जातीचे जीव इथे कामाला लागले आहेत. मग गांडुळं येतात.

साठाव्या दिवसाच्या आसपास ढीग निम्म्याहून खाली बसलेला असतो. चाळणीवर टाकून हलवला की खाली पडतं ते काळपट, भुसभुशीत, कोरड्या हाताला न चिकटणारं. नाकाशी न्या. फुलांचाही वास नाही, कुजल्याचाही नाही. नुसती माती.

चाळणीवर काय उरलं तेही बघा. बेलाचे दोन-चार देठ, ते पुढच्या ढिगात जातील. आणि एक नायलॉनचा दोरा, कापताना नजरेतून सुटलेला. साठ दिवसांत ६० अंशांची धग, ओल, गांडुळं, सगळं त्यानं पाहिलं, आणि तो दुकानातून आणल्या दिवशी होता तसाच आहे. धुतला तर पुन्हा हार ओवता येईल.

२ ऑगस्ट २०२७

येत्या सिंहस्थातल्या पहिल्या अमृतस्नानाची जाहीर झालेली तारीख. तुम्ही पुन्हा रामकुंडावर आहात आणि तुमच्याभोवती देशभरातून आलेली माणसं आहेत. प्रत्येकाच्या हातात द्रोण, द्रोणात फूल. एका माणसाचं एक फूल म्हटलं तरी डोंगर होतो.

इथला घाट अजून ठरायचा आहे. कदाचित फुलांच्या दुकानापाशीच परत घेणारी पाटी असेल, हार सुताच्या दोऱ्यात ओवलेले असतील, द्रोण पानाचे असतील, आणि तपोवनाच्या बाजूला ढीग आधीपासून रचून तयार असतील. कदाचित पायरीच्या कोपऱ्यात तुम्ही पाहिलेल्या त्याच सात-आठ पिशव्या असतील, फक्त लाखो. कायदा तर कधीचा आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनी दिवसाला शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा होणारी प्रार्थनास्थळंही मोठ्या कचरा-निर्मात्यांत धरली होती. राज्यात २०१८पासून प्लास्टिकबंदी आहे. पण हाराचा दोरा कुठला असावा, हे फूलबाजारात आपण काय मागतो त्यावर ठरतं. देवळांच्या विश्वस्तांनी, फूलवाल्यांनी आणि महापालिकेनं एकत्र बसून हे ठरवायला एक बैठक पुरेल. ती सिंहस्थाच्या आधी व्हायला हवी.

आज, सकाळचे सहा

दुतोंड्या मारुती आहे तिथेच आहे. चहा उकळला आहे. पिशवी अजून तुमच्या हातात आहे.

पायरीवर बसा. गाठ सोडा. वरचा हार बाहेर काढा. दोऱ्याचं टोक सापडायला थोडा वेळ लागेल, ते झेंडूच्या गेंदात लपलेलं असतं. सापडलं की ओढा. फुलं ओंजळीत येतील, दोरा बोटांत राहील. ओंजळ कलशात सोडा. दोरा आणि पिशवी घरी न्या.

आई विचारेल, सोडलंस का गंगेवर? खरं काय ते सांगा. आणि पुढच्या गुरुवारी देव्हाऱ्यातला हार उतरवाल, तेव्हा तिच्यासमोर बसूनच दोरा काढा. अंगणात तुळस असेल किंवा बाल्कनीत एखादी कुंडी असेल, तर आठवडाभराची फुलं तिच्या मातीत मावतात. तिथे ती कुणाच्याही पायदळी येत नाहीत.